फुरसत मिळाली तर

हिंगोलीत आमच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात दोन गोऱ्या बाया राहत होत्या, आणि त्यांचं एकमेकींशी काडीचंही जुळत नव्हतं. तरी त्या मैत्रिणी होत्या, हे माझ्या डोक्यात शिरायला फार उशीर लागला. एक मेम, म्हणजे जिनच्या इंग्रज साहेबाची बायको. दुसरीला सगळे जर्मन बाई म्हणत. ती बिचारी दर वेळी सांगायची, मी जर्मन नाही, शेजारच्या देशाची आहे. पण ऐकतो कोण? गोरं आणि इंग्रज नाही, म्हणजे जर्मन. ती तिकडे डॉक्टर होती. तिथल्या राज्यकर्त्यांनी तिच्या धर्माच्या लोकांना जगू देईनासं केलं, म्हणून पळून आली. मेमनंच तिला आवारातल्या दोन खोल्या दिल्या होत्या. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, जिनच्या इंजिनावर कामाला, तेव्हा आमचीही खोली तिथंच. आमच्या आणि बाईच्या दारात फक्त एक कडुनिंब.

माझ्या सासूबाईंना या दोघी म्हणजे फुकटचा तमाशा वाटायचा. मेमच्या खिडक्या पौषातही सताड उघड्या. बाईच्या खिडक्या वैशाखातही बंद, कारण वाऱ्याचा झोत मानेला लागला की माणूस आजारी पडतं असं तिच्या देशात मानतात. मेम दुपारी दूध घालून चहा पिणार. बाई काळा काढा उकळून पिणार आणि त्याला कॉफी म्हणणार. मेम लांबूनच मान हलवायची आणि आभाळाबद्दल बोलायची, "आज धूप है." चैत्रात हिंगोलीला धूप नसेल तर काय असेल? बाई मात्र येताना हात मिळवायची, जाताना हात मिळवायची, माझ्या तीन वर्षांच्या पोरीशीसुद्धा. पोरीला त्याची भारी गंमत. ती दिवसभर कडुनिंबाशी हात मिळवत फिरायची. सासूबाई मात्र बाई दिसली की दोन्ही हात पदराखाली घालायच्या.

आणखी एक फरक होता, तो मला तेव्हा नुसता हसण्यासारखा वाटला. बाईच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असे. तीत तिचे सगळे कागद, फोटो चिकटवलेले, शिक्के मारलेले. विहिरीवर आली तरी पिशवी बरोबर. मेम तिला चिडवायची की आमच्या मुलखात माणूस जन्मभर कागदाशिवाय फिरतो, कुणी विचारत नाही. त्यावर बाई म्हणाली, "आमच्याकडे कागद हरवला की माणूस हरवला." हे सांगताना ती हसली नव्हती.

पण खरा फरक जिभेचा. मी ज्वारीची भाकरी आणि ठेचा दोघींना दिला होता. मेमनं टीचभर खाऊन "बहुत अच्छा" म्हटलं आणि उरलेली भाकरी रुमालात गुंडाळून नेली. बाईनं अख्खी भाकरी संपवली आणि म्हणाली, "मीठ जास्त." सासूबाईंनी तेव्हाच निकाल लावला. "मेम खानदानी हाय. ह्या दुसरीच्या जिभेला हाडच न्हाई."

मग विलायतेत लढाई पेटली. बाईचा देश जर्मनांनी आधीच गिळलेला, म्हणून ती इंग्रजांच्या शत्रूच्या मुलखातली ठरली. ज्यांच्या भीतीनं ती पळाली, त्यांच्याच गोटातली म्हणून तिची गणती झाली. हुकूम आला की पोलिसांच्या परवानगीशिवाय हिंगोलीची हद्द ओलांडायची नाही. दर आठवड्याला ती ठाण्यात अमिनासमोर, म्हणजे फौजदारासमोर, हजेरी देऊन यायची. परत आली की दार लावून घ्यायची आणि कितीतरी वेळ तिचा काढासुद्धा उकळत नसे.

त्याच हिवाळ्यात माझ्या पोरीचा घसा धरला.

पहिल्या दिवशी वाटलं, चिंचा खाल्ल्या असतील. हळद-दूध दिलं, ओव्यानं शेकलं. दुसऱ्या सकाळी ती पाणीही गिळेना. श्वास घेताना तिच्या छातीतून एक बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. तो आवाज मी आजही सहन करू शकत नाही. नातवंडं शिट्टी फुंकायला लागली की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. माझं आधी एक लेकरू सहाव्या महिन्यात गेलेलं होतं, आणि हे गेलं तर मी विहीर जवळ करणार, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. इतकी मी घाबरले होते.

मालक मेमला घेऊन आले. तिनं काचेची नळी लावून ताप पाहिला, एकशे चार. पोरीला उजेडात नेऊन घसा पाहिला. मग रुमालानं हात पुसत हळू आवाजात म्हणाली, "गला थोडा खराब है. फुरसत मिले तो नांदेड के दवाखाने में दिखा दीजिए. शायद अच्छा रहेगा." जाताना तिनं आभाळाकडे पाहिलं, पण आभाळाबद्दल काही बोलली नाही.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सासूबाई म्हणाल्या, "मी काय म्हनत होते? थोडा खराब हाय. बाजार झाला की जाऊ फुरसतीनं."

घटकाभरानं बाई आली, कुणी न बोलावता. कडुनिंबाखालून तिनं तो शिट्टीचा आवाज ऐकला असावा. हात मिळवला नाही, काही नाही, सरळ आत. तिचीही नळी होती, पण तिच्या देशाची, निराळ्या मापाची. तीत निघाले चाळीस. तिनं चमच्यानं पोरीची जीभ दाबली. मला दिसलं, घशाच्या आत सायीसारखा पांढरा पापुद्रा धरला होता. बाई उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "हे घटसर्प. नांदेडला सुई आहे. आज. उद्या नाही. उद्या मुलगी मरेल."

असं म्हणाली. लेकराच्या उशाशी उभी राहून.

आमच्याकडे तांदूळ संपले असंही कुणी म्हणत नाही, तांदूळ वाढले म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. वास्तू तथास्तु म्हणत असते, म्हणून तिन्हीसांजेला वाईट शब्द काढायचा नाही, भरल्या घरात तर नाहीच. सासूबाई अशा उसळल्या की मला वाटलं त्या बाईला मारतात. "चल नीघ! माझ्या घरात मरन बोलाया आली काय? अन् काहून बोंबलून राहिली? मेमच्या नळीत एकशे चार निघाले तरी ती गप, अन् तुझ्या नळीत चाळीसच, तरी तुझा एवढा गलका!" मग त्यांनी मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन पोरीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मालक दाराशी उभे. ते म्हणाले, "मेमसाहेबांनी बघितलं हाय. त्यांनला काय कमी कळते व्हय?"

बाई दाराबाहेर गेली, पण गेली नाही. कडुनिंबाच्या बुंध्याशी उभी राहिली.

मी मधे बसले होते, मांडीवर पोर. एकीनं थोडं म्हटलं, दुसरीनं मरण म्हटलं. मला थोडं हवं होतं. दुसरीचा राग येत होता मलाही. तिचे शब्द चुलीतल्या मोहऱ्यांसारखे कानात तडतडत होते आणि मनातून मी तिला शिव्या देत होते. पण पोरीच्या ओठांचा रंग बदलत होता.

तेवढ्यात साहेबाची मोटार दाराशी येऊन थांबली. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "मेमसाबनं धाडलंय. गाडी नांदेडला खालीच चालली म्हने. तुमाला बराबर वाटलं तर बसा. न्हाई तर राहू द्या."

मी दाराशी जाऊन आत पाहिलं. गाडी रिकामी नव्हती. मागच्या बाकावर कांबळं दुमडून अंथरलं होतं. उकळलेल्या पाण्याची सुरई चिंध्या लावून घट्ट बसवली होती. आणि मेमच्या स्वतःच्या बिछान्यातली उशी होती, कडेला निळ्या फुलांचं भरतकाम केलेली. त्या उशीला खळ मी स्वतः घालून दिली होती, म्हणून ओळखली. ती साहेबाच्या कामाची गाडी नव्हती. ती मरणाऱ्या लेकरासाठी तयार केलेली गाडी होती.

सासूबाई तांदूळ वाढले म्हणतात तेव्हा डबा रिकामाच असतो, हे मला दहा वर्षं माहीत होतं. मग मेमचं "फुरसत" मला कसं कळलं नाही? दोघींनी एकच सांगितलं होतं. एकीनं तोंडानं, एकीनं उशीनं.

मी कुणाला विचारलं नाही. पोरीला उचललं आणि गाडीत बसले. सासूबाई ओरडत राहिल्या, मालक धावत येऊन ड्रायव्हरशेजारी बसले. आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून बाई आत आली. "रस्त्यात श्वास थांबला तर कोण बघणार?" एवढंच बोलली. मेम तिच्या व्हरांड्यात उभी होती. तिनं बाईला गाडीत चढताना पाहिलं. मग पाठ फिरवली आणि कुंडीतल्या झाडाची पानं पुसू लागली. मला तेव्हा वाटलं, केवढी ही थंड बाई! आपण काही पाहिलंच नाही असं उद्या सांगता यावं म्हणून तिनं पाठ फिरवली, हे मला फार नंतर सुचलं.

कयाधूचा पूल ओलांडला तेव्हा बाईनं खांद्याला हात लावला, पिशवी चाचपायला. पिशवी नव्हती. घाईत घरी राहिली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. विहिरीवर सुद्धा कागद नेणारी बाई हद्दीबाहेर रिकाम्या हातानं निघाली होती. मी म्हटलं, परत फिरवू का? तिनं पोरीच्या घशाला कान लावला आणि मान हलवली, नाही.

कळमनुरीला आठवडी बाजार. बैलगाड्या रस्ताभर पसरलेल्या, मिरच्यांची पोती, शेळ्या. गाडी मुंगीसारखी चालली. शिट्टीचा आवाज मधेच थांबायचा, की बाई पोरीला पालथं धरून बोटानं घसा मोकळा करायची, की तो पुन्हा सुरू व्हायचा. जो आवाज नकोसा होता तोच यावा म्हणून मी नागनाथाला हाका मारत होते. नाक्यावर पोलिसाचा जवान काठी आडवी करून पुढं आला. मला वाटलं, संपलं. त्यानं साहेबाची गाडी पाहिली, आत गोरी बाई पाहिली आणि सलाम ठोकून रस्ता मोकळा केला. मेमचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं, कुणी कागद विचारला नाही. डोंगरकडा गाव मागं पडेपर्यंत बाई मात्र रिकामा खांदा चाचपत राहिली.

नांदेडला सुई मिळाली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, संध्याकाळ झाली असती तर उपयोग नव्हता. मग त्यानं सहज विचारलं, ही उत्तम काळजी कुणी घेतली, आपण कोण? मेम असती तर आभाळाबद्दल बोलली असती. मालकांनी बाईला डोळ्यांनी खुणावलं. मीही तिचा हात दाबला. पण ती जीभ! तिनं आपलं नाव सांगितलं, देश सांगितला, आणि न विचारता हेही सांगितलं की मला हिंगोलीबाहेर पडायची परवानगी नाही. डॉक्टर भला होता, पण शेजारी चार माणसं उभी होती. माझं लेकरू वाचलं त्याच क्षणी मला दुसरी भीती बसली.

पोर हिंडू-फिरू लागली तेव्हा अमीन आला. बरोबर दोन जवान आणि टांगा. बाईला कुठल्या तरी लांबच्या छावणीत न्यायचं होतं, तारेच्या कुंपणाची. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि आवारातल्या सगळ्यांशी हात मिळवला. सासूबाईंनी पदराखालून हात काढला, पहिल्यांदाच. बाईनं तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "मीठ कमी घाला. तुमच्या पायांना सूज आहे." सासूबाई हमसून रडू लागल्या.

मी मेमकडे धावले. विचारलं, बाई परत येईल ना? मेमनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचा आवाज नेहमीसारखा हळू होता. "फिकर मत करो. थोडे दिन की बात है. सब ठीक हो जाएगा."

मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी टांग्याकडे पाहिलं. मागच्या बाकावर बाईच्या ट्रंकेशेजारी कांबळं दुमडून ठेवलं होतं, आणि त्यावर निळ्या फुलांची ती उशी.