फूटभर वाढवलेली जीप

आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी मिळवणारा मी पहिला, आणि चांगली चालती जीप मधून कापणाराही मीच पहिला.

अकोटजवळच्या आमच्या वावरात जायला एक खडकाळ नाला लागतो. नाल्यापलीकडच्या चढावर आमची जुनी जीप नाक वर उचलून रुसल्यासारखी उभी राहायची. एक दिवस बाबा भडकले. "इकून टाकतो हे धूड! बार्शीटाकळीचा गिऱ्हाईक रविवारी वावरात पाहाले येऊन राहिला."

याच जीपवर मी गाडी शिकलो होतो (आणि बाबांच्या बहुतेक शिव्याही!).

"बाबा, इकू नका. पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर कमी हाये, म्हणून ते नाक उचलते. फूटभर वाढवलं की पालीसारखी दगड चढीन!"

"तुले कोणं सांगतलं?"

"मी इंजिनेर हावो!"

"मंग कर. रविवारी चढली त ठेवतो. नाई चढली त तोंड उघडायचं नाई."

अकोटला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या मिस्त्रीकडून जीपची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, कापून घेतली, मधे फूटभर लोखंड जोडून घेतलं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, पोटाखालचं काही पाहिलं काय?"

"तुमी वेल्डिंग पाहा!" मी म्हटलं. पदवी होती ना माझ्याकडे!

रविवारी वावरात रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत ठेवला. माझा विजय पाहायला चार पाहुणे नकोत? ते आधीच जाऊन गोवऱ्या पेटवून बसले. जीपमध्ये मी, शेजारी बाबा आणि मागे मंदाआत्या, मांडीवर वांग्याच्या भाजीचं पातेलं घेऊन.

जीप नाल्यातून निघाली. चढावर नाक उचललं नाही! "चढली! चढली!" मी ओरडलो. आणि चढाच्या माथ्यावरच्या मोठ्या दगडावर खर्रर्र आवाज झाला. चारही चाकं हवेत फिरायला लागली. लांबवलेलं पोट दगडावर असं बसलं, जशी कोंबडी अंड्यावर!

"काय झालं बे?" बाबांनी विचारलं.

"काही नाई. जरा थांबली."

बाबा वाकून खाली पाहायला गेले, तर जीपचं नाक खाली आणि आत्या आभाळाकडे! "दादा, हालू नको! भाजी सांडून राहिली!" आत्या मागे सरकली, तर बाबा आभाळाकडे!

"मंदे, उतर खाली!"

"मी उतरली त तुमी तोंडघशी जासान!"

"मंग भाजी फेक!"

"तुमी जा तोंडघशी!"

शेवटी रोडगे सोडून पाहुणे धावले. चाकांखाली दगड रचले. आधी पातेलं उतरवलं, मग आत्या, मग बाबा. मला कोणी हात दिला नाही.

नेमका तेव्हाच गिऱ्हाईक आला. डोळ्यांवर काळा चष्मा, मेळघाटातल्या खडकांवर जीपा चढवायची हौस! त्यानं दगडावरच्या जीपला दोन चकरा मारल्या.

"नाक न उचलता चढली? कोणं केलं हे?"

बाबांनी चोर दाखवावा तसं माझ्याकडे बोट केलं.

आणि माझी छाती फुगली हो! मी बॉनेटच्या धुळीवर आकृती काढली. वजन कुठं पडतं, नाक का उचलतं, सगळं समजावलं. तोवर पाहुण्यांनी बैलजोडी लावून जीप ओढून काढली, तरी मी बोलतच होतो.

"पन पोट टेकते ना?" तो म्हणाला.

"जाड पत्रा ठोका खाली, घसरत पुढं जाईन! (ही अक्कल मला दगडावर बसल्यावर आली होती.) अमरावती-अकोल्यात अशी दुसरी जीप नाई भेटायची!"

तो बाबांकडे वळला. "काका, मी आजच नेतो."

हा माणूस कशासाठी आलाय, ते मला तेव्हा आठवलं! "बाबा, चढली त ठेवतो म्हटलं होतं तुमी!"

"चढली कुठं? बसली!" बाबांनी माझी पाठ थोपटली. "पन शिक्षण वाया नाई गेलं, लेका."

घरात माझं बोलणं दोन मिनिटांवर कोणी ऐकत नाही. आयुष्यात एकच माणूस भेटला, ज्यानं अर्धा तास मन लावून ऐकलं. तोच चावी घेऊन गेला!