ताईने मनगट दिलं नाही

माझी बहीण मंदाताई आज पहाटे गेली, आणि दुपारपर्यंत आमच्या डॉक्टर भाच्याने तिच्या प्रेमाचं पोस्टमॉर्टेम उरकलं.

तिच्या लग्नाआधीच्या त्या प्रकरणाचा विषय निघाला, एवढंच निमित्त.

"आत्या, प्रेम म्हणजे केमिकल. डोपामिन, अ‍ॅड्रेनलिन. भूक मरते, झोप उडते, नाडी पळते. थोड्या वर्षांत ओसरतं."

थँक यू, डॉक्टर. आमच्या मालवणच्या घरात साठ-एकसष्ट साली हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. फक्त मोठ्यांपैकी कळलं कोणाला नाही.

ताई तेव्हा एकोणीसची. जेवेना, झोपेना, तळहात घामाने ओले.

काकीने निदान केलं. "चेडवाक बाधा झाली!"

लगेच भूत काढायला घाडी आला. तांदूळ फेकले, कोंबडा मागितला. भूत काही गेलं नाही. कोंबडा गेला.

मग गावातल्या डॉक्टरांचा कंपाउंडर सदा रोज टॉनिकचं इंजेक्शन द्यायला येऊ लागला. त्याने मनगट धरलं की ताईचे कान लाल.

"नाडी कशी आसा रे?" बाबा विचारायचे.

"धावता, काका."

"मगे सांजेक पण ये!"

रोगालाच दोन वेळा घरी बोलावून वर चहा पाजत होते. मी कॉन्व्हेंटात शिकत होते. नन्सनी प्रेम हा शब्दही कधी उच्चारला नव्हता, तरी मला कळलं होतं.

एकदा सदा आजारी, म्हणून डॉक्टर स्वतः आले. नाडी अगदी शांत.

दुसऱ्या दिवशी सदाने धरली. पुन्हा धावली. या वेळी बाबा ताईच्या तोंडाकडे बघत होते.

"कंपाउंडर! आणि आपल्या जातीचो पण नाय!"

सदाची नोकरी घालवली. तो फोंडाघाटातून कोल्हापूरला गेला तो गेलाच. ताईला घाईघाईने मुंबईच्या एका कारकुनाला देऊन टाकलं. ती जेवू लागली, झोपू लागली.

"बरी झाली," काकी गावभर सांगत सुटली.

बरी! त्यानंतर ताईने कुठल्याही डॉक्टरला मनगट दिलं नाही. बाळंतपणातसुद्धा नाही.

परवा हॉस्पिटलमध्ये नर्सने हात धरला, तर हिने झटकन चादरीखाली घेतला.

"नको गो. माका बरा आसा."

भाचा हसला. "वयामुळे कन्फ्युजन होतं, आत्या."

काकी बाधा म्हणाली, हा कन्फ्युजन म्हणतो. घराण्याची प्रगती आहे.

ओसरतं म्हणे! मग तिने हात कोणापासून लपवला रे, शहाण्या?

ताई, आता तुझी नाडी कोणी बघणार नाही.

हात चादरीबाहेर काढ. सुखाने जा.