शहाळेवाल्याला शहाळं

आमच्या ह्यांना स्वस्थ बसवत नाही. दिवसभर उन्हात शहाळी फोडून गावाची तहान भागवतील, स्वतः मात्र थेंब घेणार नाहीत. म्हणे, माल विकायला असतो! आज गाडीपाशीच चक्कर येऊन पडले.

डॉक्टर म्हणाले, "अंगातलं पाणी आटलंय. पडून राहा, शहाळ्याचं पाणी प्या."

मी पेल्यात ओतून दिलं, तर तोंड फिरवलं. "शहाळं गिऱ्हाइकासमोर फोडायचं असतं. हे कधीचं, कोण जाणे!"

मग मी पलंगापाशीच कोयता चालवला. निम्मं पाणी चादरीवर सांडलं.

"असा घाव घालतात?"

उरलेलं घटाघटा प्यायले आणि लगेच चपला शोधू लागले. "कोयता कुठाय?"

"माझ्या मांडीखाली," मी म्हटलं. "आणि मला उठायची मुळीच घाई नाही."