काकूंच्या नावाचे गहू
गव्हाची खीर रटरटायला लागली की मला अमेरिकेतल्या नोव्हाय गावातला चर्चचा हॉल आठवतो. शेजारचे म्हातारे काका पॉन्टिक ग्रीक, म्हणजे काळ्या समुद्राकाठून हाकललेल्या ग्रीकांचे वंशज. काकू गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्यांनी रीतीप्रमाणे तिच्या नावाने साखर, डाळिंब घालून शिजवलेले गहू तिथे सगळ्यांना वाटले. मी खादाड, दोनदा घेतले, वर म्हणालो, "अंकल, मस्त! पुन्हा कधी करताय?" सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. काकाच हसले. "पुढचे माझ्या नावाचे, ये हं! पण आमची बोली मी फक्त तिच्याशी बोलायचो. माझ्या दिवशी त्या बोलीत कोण बोलणार?" गेल्या महिन्यात तो दिवस आला. त्यांचा मुलगा छान बोलला, इंग्रजीत. आणि इतकी वर्षं कुंपणापाशी गप्पा छाटूनही मला त्या बोलीत साधं 'येतो' म्हणता येईना.