खुणेची ताटं

ती घटना मला आठवावी लागत नाही. पुण्यात मुलाच्या फ्लॅटवर दुपारी एकटा जेवायला बसलो की ती आपणहून समोरच्या खुर्चीत येऊन बसते आणि माझ्या ताटातल्या अळणी दुधी भोपळ्याकडे बघून हसते.

निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची नेमणूक बुलढाण्याला होती, ठाणेदार म्हणून. घाटमाथ्यावरचं गाव. रेल्वे नाही, त्यामुळे आलेला माणूस लवकर जात नाही आणि गेलेला लवकर येत नाही. पोलिसांच्या दृष्टीने उत्तम गाव. हिवाळ्यात थंडी अशी की जामीन मंजूर झालेला आरोपी म्हणायचा, साहेब, उन्हं वर येऊ द्या, मग सोडा. माझे जमादार नुसते खोकले तरी मोताळ्यातला भुरटा चोर मलकापुरात कबुली द्यायचा. हे मी थोडं वाढवून सांगतोय. निम्मीच कबुली द्यायचा.

अशाच एका थंडीत, सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीचे शिपाई घरी गेले होते, ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरी उघडली होती आणि चहा नुकताच आला होता. पोलीस ठाण्यातली ही एकमेव पवित्र वेळ. नेमके तेव्हा गावाबाहेरच्या एका कॉलेजच्या वसतिगृहाचे रेक्टर आले. म्हणाले, मेसमधली सगळी ताटं चोरीला गेली आहेत.

जमादारांनी वाट्यांची चौकशी केली. वाट्या होत्या. पेले? तेही होते. जमादारांनी कप खाली ठेवला.

"मंग चोराच्या घरी वाट्या-पेले असतीन, साहेब. ताटंच कमी पडली असतीन त्याले."

रेक्टरना हसू आलं नाही. त्यांच्याकडे चोराचं नावही तयार होतं.

त्या नावामागची गोष्ट अशी. मेसमध्ये आठवड्यातून एकदा अंड्याची भाजी होऊ लागली होती. काही मुलांनी तक्रार केली. मेस कमिटीने तोडगा काढला की अंडं खाणाऱ्यांची ताटं वेगळी. त्यांच्या काठाला ऑइलपेंटचा लाल ठिपका, आणि त्यांचं टेबलही वेगळं, हात धुवायच्या मोरीजवळ. बरं, अंडं आठवड्यातून एकदा, ठिपका रोज. वरण-भाकरीसुद्धा त्याच ताटात आणि त्याच मोरीपाशी. कुठलं पोरगं गावातल्या कुठल्या वस्तीतून आलंय, ते त्या ठिपक्यावरून बघणाऱ्याला कळायचं. अंडं हे निमित्त होतं. आमच्या लहानपणी काही घरांच्या दारात एक वेगळी कपबशी उपडी ठेवलेली असायची. ती मी पाहिली आहे. आतून पाहिली की बाहेरून, ते विचारू नका.

या ठिपक्याविरुद्ध एका मुलीने पोरं गोळा केली होती. सोनाळ्याकडची मुलगी, आई अंगणवाडीत मदतनीस. हातात फलक घेऊन ती वसतिगृहाच्या फाटकाशी बसायची: ताट एक, टेबल एक. सभेत तिने रेक्टरांच्या तोंडावर सांगितलं होतं की ही खुणेची ताटं आम्ही फार दिवस राहू देणार नाही. तेवढ्यावर ती संशयित झाली होती.

मी तिला ओळखत होतो. पोलीस ग्राउंडवर भरतीच्या तयारीसाठी रोज धावायची. इतकी धावायची की ग्राउंडवरच्या कुत्र्यांनी तिचा पाठलाग सोडून दिला आणि निरोपाने कळवलं की आमच्याने होत नाही. आता एकदा का गुन्हा दाखल झाला असता, तर भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो वर आला असता आणि तिचं धावणं जागच्या जागी थांबलं असतं. रेक्टरना हे माहीत होतं. माझा अंदाज आहे, म्हणूनच ते आमचा चहा संपायच्या आत आले होते.

मी म्हटलं, तक्रार लिहून घेतो. नाव मात्र जागा पाहिल्यावर.

जागा पाहिली. भांड्यांच्या खोलीचं कुलूप शाबूत. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली, ती साऱ्या वसतिगृहाला ठाऊक. मेस सेक्रेटरी म्हणून शेवटच्या वर्षाचा एक मुलगा होता, कडक इस्त्रीचा, बोलायला गोड. ठिपक्याची कल्पना त्याचीच. तो आम्हाला सगळं दाखवत फिरत होता. पोरं पळसाच्या पत्रावळींवर जेवत होती आणि मेसच्या मावशींनी वांग्याचं भरीत केलं होतं, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या विस्तवावर भाजलेलं. त्याला वरून हिरव्या मिरचीचा ठेचा. त्या भरताचा वास राजूर घाटाखाली गेला की वर चढणारे ट्रक आपोआप दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात पडायचे. पंचनाम्याच्या मधोमध जमादार नाहीसे झाले आणि परतले तेव्हा त्यांच्या मिशीला भाकरीचा तुकडा होता. मी तो पंचनाम्यात घेतला नाही.

मग मुलीची चौकशी. महिला शिपायाला सोबत बसवलं आणि मुलीला खुर्ची दिली. ती टोकावर बसली. ताटं कुठे आहेत, या प्रश्नावर तिला हसू आलं.

"मले कायी मालूम नाही, साहेब."

"मग हसतेस कशाला?"

"त्यायले त्यायची ताटं वापस पाह्यजेत म्हंते. कोन्ती त्यायची, ते सांगा म्हना आधी."

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी नुसताच बघत राहिलो, तर तिचं हसू हळूहळू विझलं. टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडे बघत तिने विचारलं, "नाव लिहलं काय, साहेब?"

"अजून नाही."

"लिहाचं तं लिहा. पन माह्या मायले इतक्यात नोका कळवू. तिनं आत्ताच धावाचे बूट घेऊन देल्ले मले."

आयुष्यभर मी गुन्हेगारांची रडारड ऐकली. तिच्यातल्या निम्म्या अश्रूंना मी नंबर देऊ शकतो, कोणता कुठे शिकून आला ते सांगू शकतो. या मुलीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी पेनचं टोपण लावलं.

दुपारी जमादारांच्या खबऱ्याने बातमी आणली. बातमी अशी की आठवडी बाजारात रोहिणखेडच्या चाचांपाशी ताटांनी भरलेली पोती आहेत.

हे चाचा भांड्यांवर नावं घालायचे. आमच्याकडे भांडं बिननावाचं दिलं तर दिल्यासारखं धरत नाहीत. लग्नातल्या तांब्यावर देणाऱ्याचं नाव, त्याचं गाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि जागा उरलीच तर नवरदेवाचं. चाचांचं मशीन बॅटरीवर घरघरायचं आणि सगळा बाजार दातांवर हात ठेवून उभा राहायचा.

पोती उघडली. स्टीलची ताटं, वसतिगृहाचीच. मी चाचांना विचारलं, कोणी आणली?

"साहब, गिऱ्हाइकाचं नाव मी भांड्यावर घालतो. पोलिसाले देत नाही."

जमादार खोकले. चाचांनी त्यांना खडीसाखर दिली.

मग स्टुलावर मला बसवून त्यांनी नाव सोडून बाकी सगळं सांगितलं. सकाळी बाजार मांडता मांडताच एक मुलगा ऑटोत घालून ताटं घेऊन आला. म्हणाला, अर्ध्या ताटांवर खूण घालून द्या, कायमची, घासली तरी जाऊ नये अशी. चाचांनी मशीन सुरू केलं आणि विचारलं, कोणत्या अर्ध्यांवर?

"तं तो एकेक ताट उन्हात धरून पाहे. पालथं करे, सुलटं करे. घामाघूम झालं पोट्टं. म्या म्हटलं, अरे बाबा, तुलेच मालूम नाही तं मले काय मालूम? पाहून येतो म्हने, अन् गेला तो गेलाच. साहब, माझी मशीन इतकी वर्षं चालली, पन कोनाचं नाव घालू हे ज्याले मालूम नाही असं गिऱ्हाइक हे पहिलंच."

मला मुलीचं हसू आठवलं आणि सगळा उलगडा झाला. म्हणजे जवळजवळ सगळा. फक्त माणूस उरला होता.

ताटं जीपमध्ये घातली. बाजारातून ती जीप असा खणखणाट करत निघाली की लोकांनी वरात समजून रस्ता दिला. सगळ्यांना मी ठाण्याच्या आवारात बोलावलं, पण ताटं झाकून ठेवली. मालमत्तेच्या चोरीत मुद्देमालाचं वर्णन घ्यावं लागतं, म्हणून मी एकेकाला विचारत गेलो. रेक्टर म्हणाले, आमची ताटं स्वच्छ आणि त्यांच्या ताटांना लाल ठिपका. बिनठिपक्याच्या टेबलांवरची मुलं तेच म्हणाली. मेस सेक्रेटरीची पाळी आली. तो दिवसभर नीट बोलत होता, पण दमलेला माणूस खरं बोलून जातो, हे मी जाणून होतो. मी सहज विचारलं, "आणि तुमची ताटं कशी ओळखायची?"

"सगळी सारखीच आहेत, सर."

बोलला आणि थिजला. फाटकाशी जो फलक घेऊन ती मुलगी बसत होती, त्याचाच अर्थ याच्या तोंडून बाहेर पडला होता.

मी त्याला आत नेलं, पाणी दिलं. त्याने सगळं सांगितलं. मावशी ताटं राखेने आणि काथ्याने अशा घासायच्या की ऑइलपेंट कधीच निघून गेला होता. मोरीजवळच्या पोरांना ते माहीत होतं. ती गप्प राहून मजा बघत होती. याच्या लक्षात आलं ते एका दुपारी, जेवता जेवता. समोरचं ताट कोणाचं, हे त्याला सांगता येईना. कालचंही नाही, त्याच्या आधीचंही नाही. घास तसाच हातात राहिला म्हणे. कुणाला कळायच्या आत कायमची खूण करून आणावी, म्हणून त्याने ताटं नेली. परत आणायच्या आत रेक्टर ठाण्यात पोचले होते आणि मुलीचं नाव निघालं होतं. तेव्हा मात्र याची जीभ उचलली नाही.

"तिचं भरतीचं तुला माहीत होतं?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. तो स्वतः स्पर्धा परीक्षा देत होता. कागदावर एकदा नाव चढलं म्हणजे काय होतं, ते त्याला पुरतं माहीत होतं.

मुलीला मी हे सगळं सांगितलं. वाटलं, आता ही जीप पेटवून देईल.

"याचं बी नाव नोका घालू, साहेब," ती म्हणाली. "याले फक्त आमच्यासंगं जेवाले बसवा."

पण रेक्टर अजून अडून होते. ताटं मिळाली ना, मग आमची आम्हाला निवडून द्या, म्हणाले. मी म्हटलं, अवश्य. नियमाप्रमाणे ओळखपरेड घेऊ. दोन पंच बोलावले, आवारात सतरंजी टाकली आणि ताटं मांडली. माझ्या नोकरीत मी दरोडेखोरांच्या ओळखपरेडी पाहिल्या, पण आरोपी इतके चकचकीत कधी नव्हते. रेक्टर वाकून एकेक ताट बघू लागले. उन्हात धरलं, नखाने खरवडलं, एक तर वाजवूनही पाहिलं. शेवटी एक उचलून म्हणाले, हे आमचं. जमादारांनी विचारलं, सर, शपथेवर? त्यांनी ते ताट अलगद खाली ठेवलं.

जमादारांनी पंचनामा मोठ्याने वाचला: दोन्ही प्रकारच्या ताटांत कोणताही फरक आढळून आला नाही. पंचांनी सह्या केल्या, रेक्टरनीही केली. तक्रार गैरसमजातून झाल्याचा जबाब त्यांनी दिला आणि मी प्रकरण बंद केलं.

मुलगी निघताना परत आली. "पंचनाम्याची एक प्रत मले पाह्यजे."

ती प्रत संध्याकाळी मेसच्या फलकावर लागली. माझ्या हद्दीत निघालेल्या सगळ्या मोर्च्यांनी मिळून जे केलं नसेल, ते त्या एका सरकारी वाक्याने केलं. मोरीजवळचं टेबल उचलून इतरांना जोडलं गेलं. आम्हालाही जेवायला बोलावलं होतं. तो मुलगा मुलीच्या समोर बसला. पहिला घास घेतल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यावरून काही निष्कर्ष काढणार नाही. त्या दिवशीचा ठेचाही भयंकर होता. पलीकडून ती म्हणाली, "काऊन बे, झोंबलं काय? ताक घे." आणि त्याने तिच्या हातून ताक घेतलं.

तिची पडताळणी माझ्याच टेबलावर आली. प्रतिकूल काही आढळून आले नाही, असं लिहिताना मी अक्षर जरा मोठं काढलं. ती भरती झाली. त्यानंतर मी निवृत्त झालो, आणि जमादार पुढच्याच हिवाळ्यात गेले. इथे पुण्यात माझ्या बोलण्याला लोक हसतात. मले-तुले म्हणणारं माणूस ऐकायला मिळावं म्हणून मी कधी कधी स्टँडवर जाऊन बुलढाण्याची गाडी लागलेली बघतो. चढत नाही. तिकडे आता कुणाकडे जाणार?

मध्यंतरी तिचा फोन आला. बंदोबस्ताला बुलढाण्यात गेली होती, वर्दीतच मेसवर डोकावून आली म्हणे. मी उतावळेपणाने विचारलं, टेबलं अजून जोडलेली आहेत ना?

"जोडेलच हायेत, साहेब. पन कोनी बसत नाही. डबा घेते अन् खोलीत जाते ज्याचा तो. मोबाइल पाहत जेवते. म्या मावशीसंगं सैपाकघरातच उभ्यानं जेवली."

ती पोरं इतकी भांडली, ती एकमेकांसमोर बसायचं होतं म्हणून, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. आणि वेगळं बसवणाऱ्याला कसं पकडायचं, तेही. पण ही आपखुशीने वेगळी बसलेली पोरं पुन्हा एका टेबलावर कशी आणायची, हे माझ्या सगळ्या नोकरीत कुठे शिकवलेलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "जेवले काय तुमी?"

मी हो म्हणालो. पोलिसाला मी दिलेला हा पहिलाच खोटा जबाब.