त्यांचा नंबर

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. तो चाळिशीचा असेल. मांडीवर लॅपटॉप, कानाला फोन. "नाही सर, सगळं ठीक आहे. संध्याकाळपर्यंत देतो," असं तो हसऱ्या आवाजात सांगत होता. त्याचा मोकळा हात मात्र बायकोने आपल्या हातात घट्ट धरून ठेवला होता.

रिसेप्शनवरच्या बाईंनी त्याचं नाव पुकारलं. फोन चालूच होता. त्याने मला खूण केली, तुम्ही व्हा पुढे.

मीही ऑफिसात दाताच्या डॉक्टरांकडे जातो असं सांगून आलो होतो. दात दुखला तर साहेब स्वतः डॉक्टर सुचवतात. पण झोप उडाली आहे, पोरांवर विनाकारण ओरडतो, हे सांगितलं की चांगलं काम दुसऱ्याच्या टेबलावर जातं. म्हणून आम्ही सगळे तिथे ठणठणीत असतो. ते सोंग उतरवायला घराशिवाय जागा नसते, आणि घरच्यांच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं, आंबलेलं माणूस.

मी बाहेर आलो तेव्हा ती एकटीच होती. "त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं, गेले," ती रिसेप्शनवरच्या बाईंना सांगत होती. "त्यांच्याऐवजी मी आत गेले तर चालेल?"

"पण त्रास त्यांना आहे ना?"

"आता मलाही आहे," ती म्हणाली आणि पर्स उचलून आत गेली.