डब्यात न आलेलं जहाज

रशीद गेल्याची बातमी मला त्याच्याच मोबाइलवरून आली. सकाळी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं, अगरबत्ती लावायची राहिली होती, आणि फोनवर त्याचं नाव दिसलं. माझी सवय अशी की त्याचा फोन उचलला की ‘बोला कप्तान, कुठल्या बंदरात?’ असंच म्हणायचं. तसंच म्हणालो. पलीकडून आवाज येईना, म्हणून पुन्हा तेच जरा मोठ्यानं म्हणालो. मग त्याची मुलगी समीना दवाखान्यातून बोलली, “दत्ताचाचा, अब्बू गेले…” पुढचं मला आठवत नाही. पहाटे फजरच्या नमाजाला उठला, वजूसाठी हातपाय धुताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, हे नंतर इतरांकडून कळलं. काही आठवडे झाले त्याला. पण बाप गेलेल्या मुलीला मी थट्टेनं बंदर विचारत होतो, ते काही केल्या मनातून जात नाही.

रशीद दात बनवायचा. तो डॉक्टर नव्हता. नांदेड-परभणीचे दातांचे डॉक्टर जबड्याचा साचा पाठवायचे आणि त्यावरून रशीद कवळी तयार करून द्यायचा. वसमतच्या मोंढ्यामागे, म्हणजे हळदीच्या बाजारामागे, त्याचं घर, घराच्या पुढच्या खोलीत त्याचं काम आणि त्या खोलीला लागून माझं औषधाचं दुकान. आम्ही शाळेपासूनचे सोबती. एकदा कुण्या डॉक्टरनं आपल्या मुलासाठी परदेशातून आणलेला एक डबा, मुलानं हातसुद्धा लावला नाही म्हणून, रशीदला देऊन टाकला. आत एका युद्धनौकेचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते. एकेक भाग कापायचा, घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा, की शेवटी हातभर लांबीचं हुबेहूब जहाज तयार. याला किट म्हणतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. रशीदला ते भूत कायमचं लागलं. दातांसाठीची त्याची बारीक हत्यारं त्या कामाला अशी काही लागू पडली की विचारू नका. डिंक सोडायला सिरिंज, कापायला सर्जिकल ब्लेड, पुसायला कापूस आणि स्पिरिट हे सगळं माझ्या दुकानातून जायचं. निम्मं दुकान मी त्याच्या आरमारात घातलं, असं माझी बायको अजूनही म्हणते.

त्याच्या खोलीत खालच्या फळीवर प्लास्टरचे जबडे आणि वरच्या फळ्यांवर जहाजं. नवा माणूस आधी जबड्यांना दचकायचा आणि मग वर बघत उभा राहायचा. वसमतहून समुद्र गाठायचा तर दिवस मोडतो, त्यामुळे लोकांना अप्रूप. “पाण्यात चालतं का हे?” असं विचारल्याशिवाय कुणी जात नसे. “न्हाई.” “मंग काहून बनवलं?” रशीद मान वर न करता म्हणायचा, “तुमची कवळी चालून राहिली ना बराबर? बास मग.” हळदीच्या हंगामात मोंढ्यातून पिवळी धूळ उडते, ती त्याच्या ओल्या रंगावर येऊन बसायची. एकदा एक करडी युद्धनौका चांगलीच पिवळी झाली. मी म्हटलं, हळद लागली, आता लग्न लावून टाक हिचं. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. थट्टा त्याला चालायची, पण रंगाच्या बाबतीत नाही.

हा छंदच आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. एका ईदला ते बदललं. ईदची नमाज झाली की त्यांच्याकडचे पुरुष कबरस्तानात जातात, आपापल्या वडीलधाऱ्यांच्या कबरीपाशी उभं राहून फातिहा पढतात, मग घरी येऊन शिरखुर्मा. रशीद मात्र दरवर्षी ईदगाहवरून सरळ माझ्या दुकानात यायचा. मी त्या दिवशी सहज बोललो, “तुझं बरंय, लवकर आटपतं.” तो स्टुलावर बसला, अत्तराचा वास दुकानभर पसरला होता. म्हणाला, “जाऊ कुठं दत्ता? अब्बाची कबरच न्हाई.” आणि मग त्यानं सांगितलं. तो लहान असताना अब्बा आणि अम्मी हजला गेले. तेव्हा मुंबईहून जहाजानं जायचे लोक. चाच्याचं बोट धरून तो धक्क्यावर निरोप द्यायला गेला होता आणि परत आणायलाही. उतरणाऱ्या माणसांत तो अब्बांना शोधत राहिला. खाली उतरली ती एकटी अम्मी, अब्बांची वळकटी घेऊन. हज पुरा करून परतताना भर समुद्रात अब्बा वारले होते. जहाजावरच जनाज्याची नमाज झाली आणि मय्यत पाण्याच्या हवाली केली. “समुद्र तर केवढा मोठा हाय. त्यात कुठं हात ठेवू? पण जहाज एकच होतं. त्याच्या कुठल्या तरी कठड्यापाशी अब्बाला शेवटचं धरलं असंल ना…” हे बोलून तो उठला आणि शिरखुर्मा प्यायला चल म्हणाला.

मला तेव्हा कळलं की फळीवरच्या सगळ्या युद्धनौका म्हणजे नुसता सराव होता. त्याला बनवायचं होतं ते एकच, हजचं ते जहाज. अम्मी त्यातून एकटी परतली, म्हणून आम्ही आपसात त्याला अम्मीचं जहाज म्हणायचो. पण त्याचं किट जगात कुणीच काढलेलं नव्हतं. ज्या जहाजांनी गोळे डागले, त्यांची किटं पन्नास तऱ्हेची. ज्यानं म्हाताऱ्याकोताऱ्यांना देवाच्या दारी नेऊन आणलं, त्याच्यासाठी कुणी एक साचा पाडला नाही. याचा मला राग यायचा, अजून येतो. मी त्याला म्हणालो, अरे तू बनव की हातानं, लोकांचे जबडे बनवतोस आणि हे जमत नाही? त्यानं मोबाइलवर जमवलेले फोटो दाखवले. जहाज केव्हाच भंगारात गेलेलं. जे थोडे फोटो मिळाले, ते सगळे एकाच बाजूचे, उजव्या. अम्मीनं त्याला लहानपणी सांगितलं होतं की अब्बांना ऊन नव्हतं त्या बाजूनं पाण्यात सोडलं. मोठेपणी त्यानं नकाशा मांडून बघितलं: मुंबईकडे, म्हणजे पूर्वेकडे, येताना दक्षिणेचं ऊन उजव्या हाताला, म्हणजे अब्बा डाव्या बाजूनं गेले. आणि डावी बाजू कुठल्याच फोटोत नव्हती.

“असंल की तशीच, उजव्यासारखी,” मी म्हणालो.

“डावी दाढ कधी उजवीसारखी असती का? अंदाजानं बनवीन मी, आन् तिथं अम्मीला बोट ठेवायला लावीन? खोट्या जागेवर फातिहा पढू?”

किट काढणाऱ्या कंपन्या जुने नकाशे मिळवतात, दोन्ही बाजू मापानं करतात, असा त्याचा भरवसा होता. म्हणून तो थांबला होता. अम्मीसमोर जहाज ठेवायचं आणि तिनं बोट ठेवून सांगायचं, ‘इथं.’ एवढंच त्याला हवं होतं. तोवर तो तिला यातलं काही विचारणार नव्हता.

जहाजं बनवणाऱ्यांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर, देशोदेशीची माणसं त्यात. वर्षातून एकदा तिथे प्रश्न येतो, कंपन्यांनी कुठलं जहाज काढावं असं तुम्हाला वाटतं? रशीदनं मलाही त्यात ओढलं होतं. मी ती उत्तरं वाचत बसायचो. कोकणातला एक जण दरवर्षी किनाऱ्यानं जाणारी ती बोट मागायचा, जिच्यातून त्याची आई लग्न होऊन मुंबईला आली. कलकत्त्याच्या एका गृहस्थाला नदीतली आगबोट हवी होती. कुठल्याशा थंड मुलखातल्या एकाला बंदरातला गाळ काढणारं जहाज हवं होतं, कारण त्याचा बाप त्यावर यंत्र चालवायचा. ज्याचं त्याचं जहाज म्हणजे ज्याचं त्याचं घरच होतं. कंपन्या सगळ्यांचं ऐकून घेत आणि तीच युद्धनौका नव्या डब्यात घालून आणत.

एकदा मात्र एका छोट्या कंपनीनं जाहीर केलं की लोकांचा जास्त कौल ज्याला, ते जहाज आम्ही काढू, आणि नावांच्या यादीत अम्मीचं जहाज होतं! रशीद ते सांगायला आला तेव्हा हाताला प्लास्टर तसंच होतं. मग काय, अख्खा मोंढा कामाला लावला आम्ही. हळदीचे अडते, हमाल, चहावाला, माझ्याकडे खोकल्याचं औषध न्यायला आलेली गिऱ्हाइकं… दिसेल त्याच्या मोबाइलवरून कौल. एका अडत्यानं विचारलं, “उमेदवार कोन्या पक्षाचा हाय?” मशिदीजवळचे एक हाजीचाचा स्वतः चालत आले, कौल दिला आणि रशीदचा खांदा दाबून म्हणाले, “बेटा, जहाज सुरू झालं म्हणजे मला सांग. विमानात जीव घाबरा होतो, मी पुन्यांदा पाण्यानंच जाईन.” प्लॅस्टिकचं आहे, हातभर लांब आहे, हे त्यांना सांगायची आमची हिंमत झाली नाही. निकाल लागला तेव्हा पहिली आली एक युद्धनौका. रशीद खूप हसला. “वसमतचा मोंढा कमी पडला बघ,” म्हणाला. नंतर तो कितीतरी वेळ एकच ब्रश धूत उभा होता, हे मी पाहिलं.

आमची शेवटची भेट झाली ती तो जाण्याच्या आदल्या दिवशी. साखरा गावच्या एका आजीची कवळी घासत होता. मी चहा घेऊन गेलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि एकदम म्हणाला, “अम्मीची नजर गेल्यात जमा हाय रे. डॉक्टर म्हणे आता इलाज न्हाई.” मी चहा त्याच्यापुढं सरकवला. तोच पुढं म्हणाला, “चालतंय. दिसलं न्हाई तरी चाचपून बघंल. हाताला तर समजतं ना. पण लवकर काढायला पायजे त्यांनी…” कंपनीवाले जणू शेजारच्या गल्लीत राहत होते आणि जाऊन जरा घाई करा म्हटलं की झालं, असा त्याचा सूर होता. मी ‘काढतील, काढतील’ म्हणालो आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून उठलो.

तो गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी ग्रुपवर यंदाचा प्रश्न आला. त्याच्या जहाजाचं नाव मी लिहिलं. कोकणातल्या त्या माणसानं विचारलं, वसमतचे रशीदभाई यंदा गप्प कसे? मी कळवलं. थोड्या वेळानं त्यानं स्वतःची बोट खोडली आणि अम्मीच्या जहाजाचं नाव लिहिलं. मग कलकत्त्यानं लिहिलं. मग गाळवाल्यानंही. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती आणि मी काउंटरमागे तोंड फिरवून डोळे पुसत होतो. कंपन्यांचं उत्तर नेहमीप्रमाणे काहीच नाही.

रशीदचा चाळीसावा दिवस झाल्यावर दुपारी त्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत अम्मी बसली होती, त्याच्या खुर्चीवर. रोज दुपारी इथंच येऊन बसते, समीना म्हणाली. माझा आवाज ओळखून अम्मीनं विचारलं, “दत्ता, ते जहाज काढलं का रे त्या लोकांनी?”

म्हणजे तिला ठाऊक होतं. एका घरात काय लपून राहतं! मी म्हणालो, “न्हाई अम्मी, अजून न्हाई.”

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, “माझा जीव धाकधूक करायचा बेटा. डबा येईल आन् हा मला विचारील. मी काय सांगितलं असतं? बायांना वर येऊच दिलं न्हाई. आमी खालीच होतो. वर नमाज झाली, पायांचा आवाज झाला, मग भोंगा वाजला… भोंग्यावरून समजलं. कोन्या बाजूनं केलं, मी कुठं पाहिलं?”

“पण ऊन नव्हतं त्या बाजूनं, असं तुमीच म्हणाल्या होत्या ना…”

“लेकरू रडून राहिलं होतं रे. अब्बाला कुठं ठेवलं, कुठं ठेवलं, एकच धोशा. उन्हात न्हाई ठेवलं, सावलीत ठेवलं, म्हटलं. दुसरं काय सांगू?”

 त्या एका शब्दावर रशीदनं नकाशे मांडले होते, आयुष्यभर वाट पाहिली होती. आणि तरी खरं सांगतो, हे ऐकल्यावरही मला ते जहाज हवंच आहे. आज तो डबा आला तर मी माझ्या सवय नसलेल्या हातांनी, रंग सांडत का होईना, ते बनवीन. डावी बाजू तर पुरी बनवीनच.

“बाया तर कबरस्तानात बी जात न्हाईत आमच्यात,” अम्मी म्हणाली. “नवऱ्याची जागा पाहिली न्हाई, आता लेकाची बी न्हाई.” बोलता बोलता तिचा हात टेबलाच्या कडेवरून पुढं सरकत होता. एका ठिकाणी तो थांबला. काम करताना रशीद तिथं मनगट टेकायचा. इतक्या वर्षांत तिथलं लाकूड झिजून गुळगुळीत, किंचित खोलगट झालं होतं. मी रोज त्या टेबलासमोर बसायचो, मला ते कधी दिसलं नव्हतं. अम्मीनं माझा हात ओढून घेतला आणि त्या खोलगट जागेवर ठेवला.

“इथं,” ती म्हणाली.